शेंगेच्या घरात कोण कोण राहतं?

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मी खाली वाकलो की मला पुन्हा सरळ करायला भिंत, खुर्ची आणि सूनबाई अशा तिघांची मदत लागते, तेव्हा कागदावर आहे तोच भरपूर मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणजे शेगडीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून शेगडीपर्यंत असं नव्हे, हे तुला कुणीतरी लेखी कळवायला हवं होतं, म्हणून मी कळवतो. आमचं इथलं सगळं ठीक आहे. माझा खोकला गेला, चिरंजीवांचं पोट वाढलं, सूनबाईंना बढती मिळाली आणि त्यामुळे त्या घरी आणखी उशिरा यायला लागल्या. फोन न करता पत्र लिहायला का बसलो, असं तुला वाटेल. तू फोनवर मला जेवलास का आणि औषध घेतलंस का एवढंच विचारतेस आणि बिल वाढेल म्हणून ठेवून देतेस. (बिल वाढत नाही, हे चिरंजीवांनी तुला किती वेळा समजावलं.) मला जे सांगायचंय ते जेवण आणि औषध यांच्या मध्ये बसणारं नाही.

विषय आहे मुंगीचा. माझी ही एकुलती एक नात तू शेवटची पाहिलीस तेव्हा रांगत होती. आता ती बालवाडीत जाते. 'मुंगी' हे नाव मीच ठेवलं, कारण ती दिवसभर घरात काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असते आणि तोंडातून शब्द काढत नाही. घरात तरी 'पाणी', 'नको', 'माझं' असे मोजके शब्द वापरायची. बालवाडीत मात्र दाखल झाल्यापासून तिने एक अक्षर काढलं नव्हतं. बाईंशी नाही, मुलांशी नाही, हजेरीलाही नाही. शेवटी बाईंनी चिरंजीव आणि सूनबाईंना बोलावून घेतलं आणि फार प्रेमाने सांगितलं, की मुलगी हुशार दिसते, पण सहामाहीपर्यंत अशीच गप्प राहिली तर तिला पुन्हा अगदी लहानांच्या गटात बसवावं लागेल. शिवाय 'घरातल्या रोजच्या कामांतून मुलांचं शिकणं' असं एक पत्रक हातात दिलं. मुलांना कामात घ्या, हातांना काम द्या, आणि काम करताना त्यांच्याशी बोला, असा त्याचा मथितार्थ. घरी आल्यावर सूनबाई खुर्चीत बसल्या त्या चपला काढायच्याही विसरल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुम्हीच बोला ना तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. काम करताना माणूस बोलतो तसं."

आता मी आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक. काम करताना मी जे बोलत आलो ते म्हणजे 'वजनं पुढे करा', 'हे वजन झिजलंय', 'शिक्का कुठाय?' आणि 'सही करा'. समोरचा माणूस काम करताना माझ्याशी जे बोलायचा ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण सूनबाईंचा तो चेहरा बघून मी छाती पुढे काढली (होती तेवढी) आणि म्हणालो, हे माझ्यावर सोपवा.

सोपवलं, आणि इथून पुढे घराची अवस्था बघण्यासारखी झाली. मी आधी कार्यक्रम आखला. सरकारी नोकरी अंगात मुरली की माणूस स्वप्नसुद्धा क्रमवार बघतो. एका दिवशी आकारमान, दुसऱ्या दिवशी वर्गीकरण, तिसऱ्या दिवशी अक्षरओळख, असा तक्ता करून मी फ्रीजच्या दारावर चिकटवला. आकारमानाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात मुंगीला स्टुलावर उभं केलं, समोर एक उंच पेला आणि एक पसरट वाडगा ठेवला आणि दूध घेऊन व्याख्यान सुरू केलं. भांड्याचा आकार बदलला तरी आतल्या द्रवाचं माप बदलत नाही, हे मी अशा तळमळीने सांगितलं की खात्यात असतो तर टाळ्या पडल्या असत्या. मुंगीने सगळं शांतपणे ऐकलं, आणि व्याख्यान संपल्यावर पेला, वाडगा आणि उरलेलं दुधाचं पातेलं अशी तिन्ही भांडी एकामागून एक ओट्यावर उपडी केली. दूध ओट्यावरून खाली, खालून फ्रीजच्या पोटाखाली. माप खरोखरच बदललं नाही, सगळंच्या सगळं दूध जमिनीवर होतं. अक्षरओळखीच्या दिवशी मी घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, पण चष्मा कुठे ठेवला ते आठवेना म्हणून तसाच लावत सुटलो. परिणामी चिरंजीवांनी संध्याकाळी मिठाचा चहा घेतला. (घेतला म्हणजे पहिला घोट घेतला. दुसरा घोट बेसिनने घेतला.) गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी बघतो तर मीठ-साखरेच्या चिठ्ठ्या आपापल्या जागी गेलेल्या. मुंगीने बोट बुडवून चाखून बघितलं होतं आणि काही न बोलता चिठ्ठ्या बदलल्या होत्या. मला बरं वाटलं, पण जरा लागलंही. पोरीला सगळं कळतंय, फक्त ते आपल्याला सांगावंसं तिला वाटत नाही.

वर्गीकरणाचं प्रकरण तर इमारतभर गाजलं. मी तिला आमच्या घरातल्या चपला-बूट लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायला दिले आणि पेपर उघडला. (पत्रकात 'मुलांसोबत करा' असं लिहिलं होतं. 'मुलांना देऊन पेपर वाचा' असं कुठेही नव्हतं, हे मी नंतर नीट बघितलं.) आमच्या चपला संपल्या. ओळ तिला तोकडी वाटली असावी. तिने दार उघडून समोरच्यांच्या आणल्या, मग जिन्याच्या वरच्या बिऱ्हाडाच्या, मग खालच्यांच्या. पेपरमधलं शब्दकोडं सोडवून मी वर बघितलं तर आमच्या दारापासून जिन्यापर्यंत पादत्राणांची अशी सुंदर चढती रांग लागली होती की एका टोकाला तान्ह्या बाळाचा लोकरी मोजा आणि दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावरच्या हवालदारांचा बूट! एकही चूक नव्हती. मात्र जोडीतला डावा-उजवा एका मापाचा असतो हे मान्य नसल्यासारखे तिने जोड फोडले होते, आणि तिचंच बरोबर होतं, वापरलेल्या जोडीत एक पाय थोडा जास्त पसरतोच. हे मी जमलेल्या शेजाऱ्यांना समजावून सांगायला लागलो, पण तोवर समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सासूबाईंची चप्पल घालून दवाखान्यात गेल्या होत्या. हवालदार सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, "आजोबा, तुम्ही आराम करत चला."

मी तक्ता काढून टाकला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली, ताई. सहामाही जवळ येत होती आणि मुंगी होती तशीच होती. उलट मी काही शिकवायला बसलो की तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडायची, अगदी एखाद्या दुकानात मी शिरल्यावर मालकाच्या कपाळावर पडायची तशी. ती आठी मी नोकरीत कधी मनाला लावून घेतली नव्हती. पण चार वर्षांच्या मुलीच्या कपाळावर ती बघणं वेगळं. सूनबाई घरी आल्यावर माझ्याकडे एकदा बघायच्या, मी मान हलवायचो, आणि त्या आत जायच्या.

मग एका दुपारी काय झालं ते सांगतो. सूनबाईंनी सकाळी जाता जाता सांगितलं होतं, बाबा, जमलं तर तेवढे मटार सोलून ठेवा. मी जमिनीवर बसलो (हो, बसलो, उठायचं नंतर बघू म्हटलं), पुढ्यात पेपर पसरला, त्यावर शेंगांचा ढीग ओतला आणि सोलायला लागलो. मुंगी लांब दाराशी उभी. मी तिला बोलावलं नाही, शिकवायचं तर डोक्यातूनच काढून टाकलं होतं. शेंग हातात घेतली, टोक मोडलं, दोरा ओढला, अंगठा दाबला, आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून बाहेर पडलं: "दार उघडा, दार उघडा, घरात कोण कोण आहे?"

ताई, माझे हात मटार सोलत होते पण आवाज तुझा होता. अगदी तुझाच. 'कोण कोण'वरचा तो हेलसुद्धा. मी इतका चपापलो की शेंग तशीच हातात राहिली. आणि माझ्या खांद्यामागून उत्तर आलं, "पाच जण. एक बारीक आहे."

मी मागे वळून बघितलं नाही. खात्यात असताना एक गोष्ट शिकलो होतो, तराजू स्थिर होत असताना श्वासही जपून घ्यायचा. मी दुसरी शेंग उचलली. "दार उघडा, दार उघडा, घरात कोण कोण आहे?" मुंगी जवळ येऊन बसली. "चार. सगळे मोठे. यांच्या घरात बाळच नाही." तिसऱ्या शेंगेत अळी निघाली. यांच्याकडे पाहुणे आलेत असं मुंगीनेच जाहीर केलं आणि त्या पाहुण्यांना खिडकीबाहेर पोचवूनही आली. ढीग संपेपर्यंत तिने मला कोणत्या घरातली आई कामाला गेलीय, कोणत्या घरातले बाबा घोरतात आणि कोणत्या घरातल्या आजोबांना नीट शिकवता येत नाही, हे सगळं सविस्तर सांगितलं. सूनबाई संध्याकाळी आल्या तेव्हा मटार सोलून तयार होते, मी जमिनीवरच होतो, आणि मुंगी मला उठवायला भिंत आणि खुर्ची यांची मदत कशी घ्यायची हे समजावून सांगत होती. सूनबाईंनी पर्स खाली ठेवली आणि तिथेच माझ्याशेजारी बसकण मारली.

त्या रात्रीपासून मला आपली जुनी जागा सारखी आठवायला लागली आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आपल्या दोन खोल्या. खालून सतत रबराच्या सोल्युशनचा वास आणि पंपाचा फुसफुस आवाज. बाबा ट्रक घेऊन गावोगाव, आई लाँड्रीत इस्त्रीला, आणि घरात मी, तू आणि मधे काम. तू असशील दहाएक वर्षांची. तुझ्या परकराची कड मी एवढी धरून असायचो की तिथे माझ्या मुठीच्या चुण्या कायमच्या पडल्या होत्या. तुला पाणी भरायचं असे, स्वयंपाकाची तयारी करायची असे, शाळेचा अभ्यास असे, आणि पायात मी. (दुसरी कुणी असती तर मला खाटेच्या पायाला बांधून ठेवलं असतं. शेजारच्या काकू त्यांच्या लेकाला बांधायच्या. तो पुढे मोठा वकील झाला, ते सोड.) तू मला शेंगा दिल्यास. आई लाँड्रीतून दुरुस्तीला आणायची त्या मोज्यांच्या ढिगात बसवून तू मला नवरा-बायको शोधायला लावायचीस, आणि ज्या मोज्याची जोडी सापडत नसे त्याच्यासाठी मी खरोखरीचा रडायचो. चुलीवर पाणी उकळलं की खिडकीच्या काचेवर वाफ धरायची, त्यावर तू बोटाने एक अक्षर काढायचीस आणि म्हणायचीस, वाच पटकन, पळून चाललंय! मी 'क' कमळातला शिकलोच नाही, ताई. मी तो काचेवरून ओघळत चाललेला शिकलो. अजूनही 'क' काढताना त्याचा खालचा भाग माझ्या हातून जरा लांबतो. साहेबांनी एकदा त्याबद्दल विचारलंही होतं.

आणि तुझं भूगोलाचं पुस्तक! ते तू फडताळावर, चहाच्या डब्याला टेकवून उघडं ठेवायचीस आणि कांदा चिरता चिरता मोठ्याने पाठ करायचीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, त्यामुळे मला कित्येक वर्षं वाटत होतं की वाळवंटांची माहिती फार दुःखाची असते. एकदा माझ्या हातून पाणी सांडलं, जमिनीवर पसरलं, आणि पाटाच्या तीन बाजूंनी वळून थांबलं. मी ओरडलो, "ताई, द्वीपकल्प!" आई तेवढ्यात कामावरून आली होती. तिने आधी मला एक धपाटा घातला आणि मग तुला विचारलं, हा काय म्हणाला? तू सांगितलंस. आईने दमलेल्या चेहऱ्याने ते पाणी बघितलं, पाट बघितला, आणि ती अशी हसायला लागली की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आईला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. तुला आठवतंय का? की हे फक्त मीच ठेवलंय?

असो. डोळ्यात काहीतरी गेलं. पुढचं सांगतो.

तेव्हापासून मी शिकवणं बंद केलं आणि कामं करायला लागलो. मुंगी आणि मी कपडे वाळत घालतो, ती चिमटे रंगाप्रमाणे देते. एकाच शर्टाला दोन वेगळ्या रंगांचे चिमटे लागले तर तो शर्ट तिच्या मते नीट वाळत नाही. आम्ही टेबल मांडतो. माणसं किती, पेले किती, कुणाचा पेला कमी पडला, हा हिशेब ती बोटांवर करते, आणि बोटं कमी पडली की माझी घेते. आम्ही पीठ भिजवतो. (पाणी जास्त झालं की पीठ वाढवायचं आणि पीठ जास्त झालं की पाणी, या पद्धतीने एका रविवारी आमच्याकडे एवढी कणीक झाली की हवालदारांच्या घरीही पाठवावी लागली. चपलांचं ते प्रकरण तिथे मिटलं.) शेवटी एक दिवस मी माळ्यावरून माझा जुना हाततराजू काढला. दोन पितळी पारडी, मधे काटा. मुंगीने तो बघितला आणि तिचे डोळे असे झाले, की नोकरी लागली तेव्हा माझेही तसेच झाले असावेत. आजोबांचा चष्मा म्हणजे एक लहान बटाटा. बाबांचा मोबाइल म्हणजे दोन गाजरं आणि एक लसूण. आईच्या किल्ल्यांचा जुडगा कशालाच दाद देईना, शेवटी अख्खा कांदा घालावा लागला. मी तिला एकच नियम सांगितला, आणि तोही सांगायचा म्हणून नव्हे, माझी सवय म्हणून: आधी रिकामा तराजू बघायचा. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधोमध हवा. नसेल तर पुढचं सगळं खोटं. एक पारडं जरासं हलकं होतं, त्याला मी तारेचा बारीक तुकडा बांधला आणि तिला सांगितलं, याला म्हणतात पासंग. तो शब्द तिला एवढा आवडला की दोन दिवस ती बाहुलीला पासंग म्हणून हाक मारत होती.

आणि मग भाजीवाल्यांच्या दुकानातला तो दिवस. चौकातलं दुकान, संध्याकाळची वेळ, आमच्यापुढे चार-पाच माणसं. भाजीवाले मला जुने ओळखतात. (नोकरीत असताना मी त्यांची दोन वजनं जप्त केली होती. तेव्हापासून ते मला कोथिंबीर कधी वरून देत नाहीत.) त्यांच्याकडे वर पारडं आणि पुढे मोठी तबकडी असलेला काटा आहे. आमचा नंबर आला. त्यांनी टोमॅटो उचलले, पारड्यात टाकणार, तोच माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून असा खणखणीत आवाज आला की मागच्या बाईंच्या हातातली पिशवी सुटली:

"थांबा! रिकामा आहे तरी काटा शून्यावर नाही!"

ताई, या मुलीने परक्या माणसासमोर काढलेलं हे पहिलं वाक्य. भाजीवाल्यांचा चेहरा टोमॅटोच्या रंगाला गेला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुमची नोकरी सुटली, पण आमच्यावरची धाड काही सुटली नाही! आता नातीला पाठवता?" रांगेतले लोक पुढे सरकले. कुणीतरी 'बघा बघा, रोज लुटतात' असं सुरू केलं. मी चष्मा पुसला, वाकलो, तबकडी बघितली. पोरीचं शंभर टक्के खरं होतं, काटा शून्यावर नव्हता. पण तो शून्याच्या पुढे नव्हता, मागे होता. म्हणजे भाजीवाले बिचारे कितीतरी दिवस सगळ्यांना थोडी थोडी जास्त भाजी देत आले होते! मी तसं मोठ्याने सांगितलं, तेव्हा 'लुटतात' म्हणणारे गृहस्थ एकदम कोबी निवडण्यात गढून गेले. भाजीवाल्यांनी हातातले टोमॅटो खाली ठेवले. मग काउंटरच्या पलीकडून बाहेर आले, मुंगीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, आता हा सरळ कसा करायचा?" मुंगीने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मागे स्क्रू असेल. नसला तर पासंग बांधा." मागे स्क्रू होता. तो फिरवून काटा शून्यावर येईपर्यंत कुणीही रांग सोडून गेलं नाही. मी तेवढ्यात कांद्याच्या पोत्याकडे तोंड करून उभा राहिलो. (नवे कांदे होते. उग्र होते.) निघताना पिशवीत कोथिंबिरीची जुडी पडली. वरून.

बालवाडीचं म्हणशील तर दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी पुन्हा बोलावलं. या वेळी मीही गेलो. बाईंचा चेहरा आनंदी आणि दमलेला असा दोन्ही होता. मुंगी बोलायला लागली होती, आणि आता थांबत नव्हती. खाऊच्या वेळी केळ्याचे अर्धे भाग सारखे नाहीत म्हणून तिने वाटप थांबवलं होतं. मधल्या सुट्टीत ती मुलांच्या दोन्ही हातांना धरून कोण जड, कोण हलकं ते ठरवत होती. पण खरी गोष्ट पुढेच. तिने वर्गाला आपला शेंगांचा खेळ शिकवला होता. मुलांनी तो खेळण्यांच्या कपाटाशी खेळला, डब्यांशी खेळला, आणि एके दिवशी सगळा वर्ग मोठ्या बाईंच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी जमून एका सुरात ओरडला, "दार उघडा, दार उघडा, घरात कोण कोण आहे?" मोठ्या बाई आत होत्या. सूनबाईंनी तोंडावर रुमाल धरला तो बालवाडीच्या फाटकाबाहेर येईपर्यंत काढला नाही. फाटकाबाहेर आल्यावर मात्र तिथल्या भिंतीला टेकून त्या हसता हसता रडायला लागल्या, आणि मुंगी त्यांना म्हणाली, "आई, तुझा रुमाल ओला झाला तर दोन चिमटे लागतील." लहानांच्या गटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता एवढं सगळं झाल्यावर माझ्या मनात एक शंका आलीय, ती विचारल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लहानपणीचे सगळे खेळ मी आता एकेक करून तपासले, आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी तुझं काम झालेलं असायचं! शेंगा सोललेल्या, मोजे जोडलेले, पाट मांडलेले, खिडकीची काच पुसलेली. (पळणारं अक्षर पकडायला जाऊन मीच ती हाताने पुसायचो!) मग तू मला शिकवत होतीस, की राबवून घेत होतीस? मी साठी ओलांडली, आता खरं सांगायला हरकत नाही. काहीही असलं तरी मी चिडणार नाही. पुढे मी शाळेत, खात्यात आणि खात्याच्या परीक्षांत बरंच काही शिकलो. पण त्या सगळ्यांना मिळून तुझ्या पासंगाची सर नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. बालवाडीच्या बाईंनी मला विचारलं, आजोबा, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात? मी म्हणालो, पद्धत माझी नाही, माझ्या ताईची आहे. एवढंच. मी त्या वेळी बिस्कीट खात होतो, त्यामुळे पुढचं बोलणं मला अडवता आलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकांची सभा आहे. सूचनाफलकावर 'बालशिक्षणातील ज्येष्ठ अनुभवी ताई यांचे प्रात्यक्षिकासह मार्गदर्शन' असं लागलंय. मोठ्या बाई स्वतः अध्यक्ष आहेत. तू 'मला कुठे बोलता येतं' असं म्हणणार, हे मी बाईंना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, बोलू नका म्हणावं, काम करा आणि आम्ही बघतो.

ता. क. २. आत्या, नमस्कार. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून हे चार शब्द. बाबांनी मागची खोली रंगवून घेतली आहे. पाहुण्यांसाठी म्हणतात. आमच्याकडे मुक्कामाला कुणी पाहुणे येत नाहीत. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, ती तुमच्या गुडघ्याला उंच हवी म्हणून सुताराला तिचे पाय दोनदा बदलायला लावले. मला त्यांनी हे तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय. मुंगी सगळ्यांना सांगत फिरते आहे. आपली, सून.

ता. क. ३. सूनबाईंनी वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. (खुर्ची फक्त एकदाच बदलली. दुसऱ्यांदा नुसती घासली.) भावजींना जाऊन वर्ष होत आलं. मागे मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा निघताना तू दारात म्हणालीस, एकटीच्या स्वयंपाकात हात गप्प बसतात रे. तेव्हा मी नुसता रिक्षा शोधत राहिलो. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. उत्तरात तू 'बघू' म्हणशील. सोबत गाडीचं तिकीट जोडलं आहे, खिडकीची जागा आहे, खालचा बर्थ आहे. फक्त यायचंच आहे. परतीचं मिळालं नाही.

(मिळत होतं.)